भाऊंचा जोडीदार

गाडी मागे घेताना भाऊ स्वतःच स्वतःला "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचे. मग गाडी थांबवून खाली उतरायचे, मागच्या चाकापासून थोड्या अंतरावर एक दगड ठेवायचे, कमरेवर हात देऊन भिंतीकडे, झाडाकडे आणि त्या दगडाकडे पाहायचे, पुन्हा चढायचे, हातभर मागे यायचे, पुन्हा उतरायचे. आजूबाजूला आरोग्य केंद्राची आम्ही अर्धी माणसं रिकामी उभी असायचो. कोणीही हात दाखवून "आणखी या" म्हणू शकलं असतं. पण तसं कोणी म्हटलं की भाऊ गाडी बंदच करत आणि चावी पुढे धरत. "तुमीच घ्या मंग मागे."

माझ्या नातवाची नवी गाडी मागे जाताना टुकटुक वाजते आणि मागचं सगळं पडद्यावर दाखवते. पहिल्यांदा तो पडदा पाहिला तेव्हा मी एकटीच हसत सुटले. नातवाला वाटलं, आजीला नवलाई वाटली. मला त्या पडद्यात भाऊ दिसत होते, दगड ठेवायला उतरलेले.

भाऊ आमच्या आरोग्य केंद्राच्या जीपचे ड्रायव्हर. गडचिरोलीच्या आत, पक्का रस्ता जिथे दमतो आणि कच्चा होतो, त्याच्याही पुढे आमचं केंद्र होतं. मी तिथे नर्स म्हणून बदलून आले होते. मी मूल गावची, राइस मिलच्या भोंग्यावर उठणारी, बाजारात वाढलेली. जंगल म्हणजे मला एसटीच्या खिडकीतून मागे पळणारं काहीतरी वाटायचं. चाळिशी जवळ आली होती, अक्कल यायला अजून वेळ होता. पर्समध्ये मी लाल तिखटाची पुडी ठेवायची, वाघ आलाच तर डोळ्यांत फेकायला. ती फेकायला वाघ किती जवळ यावा लागेल, याचा विचार मी केलेला नव्हता.

भाऊ बुटके, रुंद, आणि त्यांची मिशी कायम एका बाजूला जास्त कापलेली. कारण केस आणि मिशी ते स्वतःच कापत, दोन आरसे समोरासमोर लावून. दोन माणसांचं जे काही काम जगात असेल ते एकट्याने करायचं, याचंच त्यांना वेड होतं. चादर पिळायची तर तिचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचे. खाट बाहेर काढायची तर ती डोक्यावर घेऊन दारात अडकायचे, आणि अडकलेले असतानाच खाटेखालून बजावायचे की कोणी हात लावू नका. कॅरम एकटेच खेळायचे. पांढऱ्या सोंगट्या त्यांच्या, काळ्याही त्यांच्याच, दर फटक्याला उठून समोर जाऊन बसायचं. एकदा काळ्याने बेइमानी केली म्हणून त्यांनी डाव उधळून दिला आणि संध्याकाळभर कोणाशी बोलले नाहीत.

त्यांची बायको कोरपन्याकडे कापसाची शेती सांभाळायची. एका उन्हाळ्यात ती चार दिवस राहायला आली. मोठी हसरी बाई. मी तिला विचारलं, यांच्याबरोबर संसार कसा केलात हो? ती म्हणाली, "लग्नात अंतरपाट बी यायनं स्वतःच धरला असता, बाई. पन हात माळेत गुतले होते."

यामागे काही दुःख असेल, कोणी दगा दिला असेल, असं मला फार दिवस वाटत होतं. मला तेव्हा प्रत्येकाच्या मागे दुःख शोधायची सवय होती. शेवटी मी सरळ विचारलं. भाऊ जीपच्या टपावर बसून कांदा कापत होते. (कांदा टपावर का, ते विचारू नका.) त्यांनी चाकू थांबवला नाही.

"दोघायनं हात लावला का चूक कोनाची ते समजत नाई. एकट्यानं केलं तर समजते."

मी म्हटलं, आणि चूक झालीच नाही तर? यावर ते म्हणाले, मंग तर दुसरा लागतेच कायले.

आता या माणसाला नोकरीने असं काम दिलं होतं की जे एकट्याने होतच नाही. ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं. त्या तेलात हवा शिरली की पेडल पोकळ होतं, दाबलं तर खाली जातं पण गाडी थांबत नाही. मग ती हवा काढावी लागते. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी वाकून तिथला एक लहान नट ढिला करायचा, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडू द्यायचे, नट आवळायचा, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. तो आधी उचलला तर बाहेरची हवा परत आत. सगळ्या गॅरेजांत हे काम दोघं करतात. आमच्या रस्त्यांवर गाडीच्या पोटाला रोज दगड लागायचे, त्यामुळे भाऊंना ते वरचेवर करावं लागायचं. आणि भाऊ ते एकटे करायचे.

त्यासाठी त्यांनी एक यंत्र बनवलं होतं. सलाइनची रिकामी बाटली, तिला सलाइनचीच नळी, आणि बाटली टांगायला तारेचा आकडा. नळीचं एक टोक चाकाच्या नटावर बसवायचं, दुसरं बाटलीतल्या तेलात बुडवून ठेवायचं. मग नट ढिला करून आत चढायचं, पेडल मारायचं, उतरून चाकाशी वाकून नळीतले बुडबुडे पाहायचे, पुन्हा चढायचं. नळीचं टोक तेलात असल्यामुळे पाय उचलला तरी परत जायचं ते तेलच. या यंत्राचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'जोडीदार'. सकाळी सकाळी केंद्राच्या आवारात "जोडीदार कुठी हाये माहा?" अशी हाक आली की नव्या पेशंटांना वाटायचं, कोणीतरी माणूस हरवलाय.

मी रोज सलाइन लावणारी बाई. नळीतली हवा काढल्याशिवाय शिरेत काही सोडायचं नाही, हे माझ्या बोटांना झोपेतही ठाऊक. त्यामुळे या कामात आपला वाटा आहे, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. भाऊ चाकाशी वाकलेले असले की मी इंजेक्शनच्या खोलीतून मुद्दाम बाहेर यायची आणि सल्ले द्यायची. एकदा नळी हातात घेऊन पाहिली. तेलाने पिवळी पडून कडक झाली होती. मी सांगितलं, हे प्लास्टिक या तेलासाठी नाही, एक दिवस तडकेल, माझ्याजवळ मुदत संपलेला नवा संच पडलाय, तो घ्या.

"जोडीदार बदलत नसतेत, बाई."

मग मी म्हटलं, निदान पेडल तरी मी दाबते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी तेव्हा उंच टाचांच्या सँडल घालून फिरायची, त्या मुरमाड रस्त्यांवर, कोणाला दाखवायला ते देव जाणे. आणि पुन्हा वाकले.

मोहफुलांचे दिवस होते. आतल्या एका टोल्यावर, दहा-बारा घरांच्या वस्तीवर, लसीकरण आटोपून आम्ही परत निघालो होतो, मी आणि भाऊ. निघताना तानूकाकी जीपजवळ येऊन उभी राहिली. म्हातारी, काटक, हातात आपल्या खांद्याइतकी काठी. तिला रस्त्याच्या टोकाच्या गावात लेकीकडे जायचं होतं. भाऊंनी मागचं दार उघडून दिलं. वाटेत काकी सांगत होती की मागच्या हंगामात तेंदूपानं तोडताना तिची जाऊ याच टप्प्यात गेली. वाघिणीने नेली. जाऊ वाकलेली होती, आणि जिने पाहायला उभं राहायचं ती पाणी प्यायला गेली होती. वाघीण अजून इथेच आहे, तिला पिल्लं झालीत. हे सगळं काकी अशा आवाजात सांगत होती, की जणू अमक्याच्या घरी पाहुणे आलेत. मी पर्स मांडीवर घेतली.

पुढे एक वाकडा उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी नाला. उतार लागायच्या आधी भाऊंनी ब्रेकवर पाय ठेवला, आणि मला त्यांचा गुडघा खाली जाताना दिसला. जास्तच खाली. त्यांनी पुन्हा मारला. मग स्टिअरिंग वळवून जीप रस्त्याच्या कडेच्या चढावर घातली. ती झुडपांत घुसली, हिसका देऊन बंद पडली आणि थोडी मागे येऊन एका दगडाला टेकली.

भाऊ खाली शिरून पाहून आले. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या नळीचा जोड दगड लागून ढिला झाला होता. सगळं तेल रस्त्यावर. जोड त्यांनी आवळला, डबीतलं तेल भरलं आणि शांतपणे म्हणाले की आता मागच्या दोन्ही चाकांची हवा काढा लागते.

मी विचारलं, हळूहळू असंच नाही का जाता येणार? ते म्हणाले, खाली नाला हाये, ब्रेकबिगर गाडी हलनार नाई, हँडब्रेक तर पाहुन्यायले दाखवाले ठेवला हाये. चालत जाण्याचं मी काकीच्या तोंडाकडे पाहूनच विचारलं नाही. मोबाइल माझ्याजवळ होता, पण त्या टप्प्यात त्याचा उपयोग वेळ पाहण्यापुरता. आणि वेळ पाहावीशी वाटत नव्हती. ऊन सागाच्या शेंड्यांवर चढलं होतं.

भाऊंनी जोडीदार काढला आणि डाव्या चाकाशी गुडघे टेकले. नट चाकाच्या आतल्या अंगाला, त्यामुळे डोकं मडगार्डखाली घालून ओणवं व्हावं लागायचं. एवढ्यात काकी काठी टेकत उतरली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"काकी, गाडीत बसा. मले कोनी लागत नाई."

"वाकलेल्या मानसाले जंगल मानूस म्हनत नाई, बाबू," काकी म्हणाली. "तू तुयं काम कर."

मोहफुलं वेचणाऱ्या बायकांची तिकडे रीतच आहे. एक वाकून वेचते, दुसरी तिच्या पाठीला पाठ करून उभी राहते आणि मोठ्याने बोलत राहते. मग पाळी बदलायची. भाऊंचं कुठलंही एकटेपण या रितीपुढे चालणार नव्हतं. आणि गाडीला दोन बाजू होत्या, तेव्हा काकीने मलाही उतरायला लावलं. रस्त्याकडे तू पाहा, झाडीकडे मी पाहते, आणि तोंड बंद ठेवू नको.

आयुष्यभर मला कोणी तोंड बंद ठेवू नको असं सांगितलं नव्हतं. आणि नेमकं तेव्हा काही सुचेना. शेवटी मी लसीकरणाचं वेळापत्रक म्हणायला लागले. जन्मतः बीसीजी, दीड महिन्याला डोस, मग पुढचा डोस, नऊ महिने पूर्ण झाले की गोवर. खणखणीत आवाजात, रस्त्याकडे तोंड करून. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. त्या जंगलातलं एकही जनावर त्या दिवशी लसीची तारीख विसरलं नसेल. भाऊ पेडल मारायला चढायचे, उतरायचे, प्रत्येक वेळी माझ्या बाजूने जाताना माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकायचे, पुन्हा चाकाखाली डोकं घालायचे. ते वाकले की माझा आवाज चढायचा. ते उभे राहिले की मला श्वास यायचा. अशा किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. अखेर डाव्या चाकाच्या नळीत नुसतं तेल आलं, बुडबुडा नाही.

ते उजव्या चाकाशी गेले. नळी नटावर बसवली आणि ती तडकली.

त्यांनी तडकलेलं टोक कापलं, पुन्हा बसवली. पुन्हा तडकली. आणखी कापली. आता ती बाटलीपर्यंत पुरेना. भाऊ टाचांवर बसून त्या पिवळ्या तुकड्याकडे पाहत राहिले. मी गोवरापर्यंत येऊन थांबले होते. ऊन शेंड्यांवरूनही गेलं होतं, आणि पानगळ झालेल्या जंगलात उजेड कसा एकदम जमिनीकडून विझत येतो तसा तो विझत येत होता.

"बाई," भाऊ म्हणाले.

बस, एवढंच. माझ्याकडे पाहिलंही नाही. इतके दिवस मी या एका शब्दाची वाट पाहत होते. तो आला तर काय काय टोमणे मारायचे, याची तयारीसुद्धा होती. पण मी आत बसले की त्यांच्या पाठीशी एकटी काकी उरणार, आणि एका माणसाला दोन्हीकडे पाहता येत नाही. मला वाटलं, नको. ही मागणी परत घ्या. मी सँडल काढून ड्रायव्हरच्या सीटवर चढले.

त्यांनी खिडकीशी येऊन सांगितलं. दाबा म्हटलं की दोन-चारदा दाबून मग धरून ठेवायचं. मी नट उघडीन तवा पेडल खाली जाईन. घाबरायचं नाई. पाय उचलायचा नाई. मी सोडा म्हनीन तवाच सोडायचं, आणि सोडतानी हळू. त्या जीपचं पेडल एकदम सुटलं की बंदूक उडाल्यासारखा खटका व्हायचा, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. "समजलं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते मागे गेले.

सीटवरून मला ते दिसत नव्हते. आरसा त्यांच्या मानेच्या हिशोबाने लावलेला. मला त्यात दिसत होता काकीचा एक कोपर, काठी धरलेला, आणि मागे सागाचा एक बुंधा. काकी जावयाला शिव्या देत होती. घरावरचे कवेलू फुटले, चारदा सांगितलं, पण तो आपला ताडीच्या झाडाखालून उठत नाही, असं बरंच. तिचा कोपर बोलण्याबरोबर हलत होता.

"दाबा." मी दाबलं. "धरा."

पायाखालचं पेडल हळूहळू खाली गेलं आणि तळाला टेकलं. म्हणजे नट उघडला. मागे रिकाम्या डबीत तेलाची धार पडल्याचा बारीक आवाज आला. पाना फिरल्याचा आवाज, मग "सोडा." मी हळू पाय उचलला. झालं की, मला वाटलं. एवढंच तर होतं. आणि मनात लगेच फुशारकी सुरू झाली, की केंद्रात परत गेल्यावर हे कसं सांगायचं.

"दाबा. धरा."

पेडल पुन्हा तळाला गेलं. तेलाची धार पडली. मी पान्याच्या आवाजाची वाट पाहत होते.

पाना फिरला नाही.

काकी "त्या मुडद्याले मी म्हनलं, तू" इथपर्यंत आली होती. तिथेच थांबली. आरशात तिचा कोपर स्थिर झाला.

मी वाट पाहिली. तेलाचा एक थेंब डबीत पडल्याचं ऐकू आलं, मग बऱ्याच वेळाने आणखी एक. हाक मारावी तर तिचाही आवाज होणार. वळून पाहावं तर वळताना पाय हलेल. पाय हलला तर खटका. मला अजून माहीत नव्हतं की मागे काय आहे, पण खटका होता कामा नये, हे त्या स्थिर कोपराकडे पाहून मला कळलं. मग सुकी पानं वाजली. वारा नव्हता. एक आवाज, मग थांबणं, मग आणखी एक, सावकाश, ज्याला कुठेच जायची घाई नाही अशा कोणाचा तरी. आवाज आला तो उजवीकडून, मागून. भाऊंच्या बाजूने.

माझा पाय थरथरायला लागला. आधी पोटरी, मग मांडी. मी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला आणि अख्ख्या अंगाचं वजन त्यावर टाकलं. पर्स मागच्या सीटवर होती. तिखटाची पुडी तिच्यात. त्या अवस्थेतही मला तिची लाज वाटली. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की भाऊ सोडा म्हणत नाहीत. म्हणत का नाहीत? म्हणायला ते आहेत ना? ते नसतील तर मी हा पाय किती वेळ असा ठेवायचा, आणि कोणासाठी? डोळ्यांतून पाणी येऊन हनुवटीवरून गुडघ्यावर पडत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मग काकी बोलली. गोंडीत, हळू, अंगणात आलेल्या गायीला सांगावं तशी. मला शब्द कळले नाहीत. ती दोन-तीनदा तेच बोलली आणि गप्प झाली. पानं पुन्हा वाजली. थोडी दूर. मग आणखी दूर. मग खाली नाल्याच्या अंगाला एक माकड खाकरून ओरडलं, आणि त्याच्या मागे बाकीची.

पाना फिरला.

"सोडा," भाऊ म्हणाले. आवाज अगदी रोजचा.

मी पाय उचलला, म्हणजे हातांनी उचलून बाजूला ठेवला. आता पळायचं, असं मला वाटलं. मागून आवाज आला, "अजून एकबार दाबा. बुडबुडा होता."

काकी यावर गोंडीत जे म्हणाली तेही मला कळलं नाही, पण भाऊंना कळलं असावं, कारण ते "बरं" म्हणाले. आणि तरी त्यांनी मला आणखी एकदा दाबायला लावलं. या वेळी पेडल अर्ध्यावरच दगडासारखं घट्ट झालं.

ते चढले, मी बाजूला सरकले, काकी मागे बसली. उतार उतरताना भाऊंनी पहिल्याच वळणावर जीप पूर्ण थांबवली. विनाकारण. मग पुढे नेली, आणि पुन्हा थांबवली. नाला ओलांडल्यावर काकीने सांगितलं. वाघीण नाल्यातून वर आली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. आधी काकीकडे पाहिलं, मग काकीच्या पायांमागे वाकलेल्या भाऊंकडे पाहिलं, पुन्हा काकीकडे. भाऊंनी मान वळवली तेव्हा त्यांना काकीच्या लुगड्याच्या बाजूने तिचं तोंड दिसलं. त्यानंतर ते हलले नाहीत. काकी तिला म्हणाली की आम्ही आत्ता निघतोच आहोत, तू तुझ्या वाटेने जा, तुझी लेकरं वाट पाहत असतील.

बराच रस्ता गेल्यावर भाऊ बोलले. "नट उघडाच होता," ते म्हणाले. त्या सगळ्यात त्यांना तेवढंच लागलं होतं. मग थोड्या वेळाने, समोरच पाहत, "तुमाले दिसत होतं काय?"

मी म्हटलं, नाही.

"मंग सोडलं काऊन नाई?"

"तुम्ही म्हटलं नाही," मी म्हणाले.

लेकीच्या गावाला काकी उतरली. तिने काठीने भाऊंच्या दाराला टकटक केलं आणि मला सांगितलं की याले एकटं सोडत नको जाऊ. भाऊ खिडकीची काच वर करायला लागले, पण त्या जीपची काच कधीच वर जात नव्हती.

पुढे केंद्रात मी फार शूर ठरले. लोक विचारायचे, बाई, तुम्ही पाय कसा हो हलू दिला नाही? मी मान खाली घालून नम्रपणे हसायची. खरं म्हणजे पाय तेव्हा माझा राहिलाच नव्हता, तो जीपचा सुटा भाग झाला होता. पण नम्र हसणं मला तेव्हा छान जमायचं.

आणि भाऊ बदलले का? छे. मी टेबलावर ठेवलेला नवा संच एका सकाळी नाहीसा झाला, आणि नवी, पांढरी नळी लावलेला जोडीदार तारेला लटकताना दिसला. पुन्हा ब्रेकची हवा काढायची वेळ आली तेव्हा मी इंजेक्शनच्या खोलीतून पाहत होते. भाऊ एकटेच. चढायचे, पेडल मारायचे, उतरायचे, वाकायचे. मला कोणी बोलावलं नाही. मी तोंड वाकडं केलं आणि एका म्हाताऱ्याच्या दंडाला स्पिरिट लावायला घेतलं.

तेवढ्यात भाऊ दारात येऊन उभे राहिले. हात चिंधीला पुसत.

"बाई, जरा पाय ठेवून पाहा."

म्हाताऱ्याला दंड दाबून बसवून मी बाहेर गेले. सँडल काढून सीटवर चढले, पेडल दाबलं. घट्ट. मी तसं मोठ्याने सांगितलं. आरशात कोणी नव्हतं. भाऊ मागे, उजव्या चाकाशी, मला दिसणार नाहीत असे उभे होते. पाय उचलायला काहीच हरकत नव्हती. मी उचलला नाही. म्हटलं, पाहू या. आणि तेही काही बोलले नाहीत. आवारात ऊन होतं, पेशंट बसले होते, कोंबड्या फिरत होत्या. मी पाय धरून बसले होते. खूप वेळाने मागून आवाज आला, "सोडा."

ते निवृत्त होईपर्यंत माझ्या पायाशिवाय जीप आवाराबाहेर गेली नाही. एकदा नव्या डॉक्टरांनी खिडकीतून विचारलं, सिस्टर तिथे गाडीत काय करताहेत? पेशंट खोळंबलेत. मी म्हटलं, ब्रेक पाहते, सर.

"पाहू द्या त्यायले," मागून भाऊ म्हणाले. आणि मग बराच वेळ त्यांनी सोडा म्हटलंच नाही.